पत, श्रद्धा आणि भाड्याची खोली

मराठीत ‘ऐपत’ आणि ‘पत’ हे दोन शब्द कानाला शेजारचे वाटले तरी अर्थाने एकमेकांपासून दूर आहेत. ऐपत म्हणजे माणसाजवळ प्रत्यक्ष असलेले सामर्थ्य, मग ते शेताचे असो, पगाराचे असो वा अंगमेहनतीचे. ती ज्याची त्याच्याजवळ असते आणि मोजायची झाली तर त्याच्याच घरात जाऊन मोजावी लागते. पत मात्र माणसाची असूनही त्याच्याजवळ कधीच नसते. ती दुकानदाराच्या वहीत, शेजाऱ्याच्या मनात, गावच्या बोलण्यात राहते, म्हणून ती ‘राखावी’ लागते आणि एकदा गेली की पैसा परत आला तरी तीही परत येईलच, असे नसते. इंग्रजीतून आलेल्या ‘क्रेडिट’ या शब्दाच्या मुळाशी विश्वास ठेवणे या अर्थाचे ‘क्रेडो’ हे लॅटिन क्रियापद आहे, आणि तुलनात्मक भाषाशास्त्र त्याचे नाते संस्कृतातील ‘श्रद्धा’ या शब्दाशी जोडते, कारण दोहोंचा उगम एकाच प्राचीन संयुक्त धातूत सापडतो. बँकेच्या खिडकीवर उच्चारला जाणारा शब्द आणि देवघरात उच्चारला जाणारा शब्द अशी ही दोन भावंडे ठरतात. खोली भाड्याने मागायला आलेल्या माणसाकडे घरमालक पतअहवाल मागतो, तेव्हा तो त्याच्यावर श्रद्धा ठेवण्यासाठी आधार मागत असतो. मात्र अगोदर आधार घेऊन ठेवलेल्या श्रद्धेला श्रद्धा म्हणावे का, आणि या व्यवहारात ऋणको नेमका कोण, हे दोन प्रश्न तेथेच उभे राहतात. पहिल्याची चर्चा शास्त्रग्रंथांतून विपुल झालेली आहे. दुसरा सहसा विचारलाच जात नाही.

पतअहवाल म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करणे इष्ट होय. एखाद्या व्यक्तीने बँका, वित्तसंस्था आणि क्रेडिट कार्ड कंपन्या यांच्याकडून घेतलेली कर्जे, त्यांचे हप्ते, चुकलेल्या तारखा आणि थकबाकी यांची जी एकत्रित नोंद ठेवली जाते, तिचा उतारा म्हणजे पतअहवाल, आणि त्या नोंदींवरून गणिताने काढलेला तीन आकडी अंक म्हणजे पतगुणांक. भारतात हे काम करणारी पहिली कंपनी, सिबिल, २००० मध्ये स्थापन झाली आणि तिचे नावच पुढे सामान्यनाम बनले. ‘सिबिल खराब आहे’ किंवा ‘सिबिल बसत नाही’ असे आज खेड्यातला शेतकरीही सहज म्हणतो. हा गुणांक ३०० ते ९०० या मर्यादेत असतो. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्याने या क्षेत्राला चौकट घातली असून रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने अशा चार कंपन्या काम करतात. या कायद्याची एक बाजू येथे विशेष महत्त्वाची आहे: माहिती कोणाला पाहता येईल, याची यादी कायद्याने आखून दिलेली आहे, आणि स्वतःची खोली भाड्याने देणारा सामान्य घरमालक त्या यादीत बसत नाही. म्हणून जेथे ही चाल पडली आहे, तेथे घरमालक किंवा दलाल खोली मागणाऱ्यालाच स्वतःचा अहवाल काढून दाखवायला सांगतो. वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळण्याची सोय असल्याने नकाराला सबबही उरत नाही. कायद्याने जे दार बंद ठेवले, ते भाडेकरूच्याच हाताने आतून उघडवून घेण्याचा हा प्रकार आहे, आणि डोक्यावर छप्पर हवे असणाऱ्याने दिलेल्या संमतीला संमती म्हणताना थोडे अडखळावे लागते. त्यातही गंमत अशी की या अहवालात घरभाड्याची नोंद सहसा नसतेच. दहा वर्षे पाच तारखेच्या आत भाडे पोचवणाऱ्याची ती सचोटी कोठेच उमटत नाही, आणि मोटारसायकलचा चुकलेला एक हप्ता मात्र उमटतो.

बीड जिल्ह्यात खोली कशी मिळते, हे पाहिल्यावर या नव्या कागदाची जागा नीट कळते. बीड शहरात नोकरीनिमित्त आलेले कर्मचारी, अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या आधाराने राहणारे विद्यार्थी व परिचारिका, परळीत औष्णिक वीज केंद्रावर काम करणारे कामगार, आणि सर्वत्र बदलीवर फिरणारे शिक्षक हा येथील भाडेकरूंचा मुख्य वर्ग होय. त्यांच्याकडे महानगरांप्रमाणे पतअहवाल मागण्याची रीत येथे अजून रुळलेली नाही. त्याऐवजी ओसरीवर चार-दोन प्रश्न विचारले जातात. ‘गाव कोणतं?’, ‘कुणाच्या ओळखीनं आलात?’, ‘घरात माणसं किती?’, ‘खाण्यापिण्याचं कसं?’ आणि या सगळ्यांच्या अलीकडे किंवा पलीकडे, पण हटकून, ‘आडनाव काय?’ चहाचा कप येईपर्यंत हे प्रश्न आटोपलेले असतात आणि कप रिकामा होईपर्यंत निर्णयही झालेला असतो. नकार असेल तर तो उघड दिला जात नाही. ‘पुतण्या यायचाय राहायला’ किंवा ‘रंगकाम काढायचंय’ असे सांगितले जाते, आणि ऐकणाराही ते समजून उठतो. आडनावावरून जात, जातीवरून गट आणि गटावरून विश्वास अशी ही उतरंड आहे. जिल्ह्यातील सामाजिक ताण इतका वाढला की २०२५ मध्ये पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांच्या पुढाकाराने बीड पोलिसांच्या छातीवरील नामपट्ट्यांवरून आडनावे काढून केवळ पहिले नाव ठेवण्यात आले. भाडेकरूची माहिती ज्या ठाण्यात नोंदवायची, त्या ठाण्याने आडनाव उतरवले आणि माहिती नोंदवणारा घरमालक ते विचारीतच राहिला, ही विसंगती जिल्ह्याच्या आजच्या स्थितीवर पुष्कळ प्रकाश टाकते.

या दोन पद्धतींतील भेद न्यायदर्शनाच्या परिभाषेत चांगला मांडता येतो. न्यायदर्शन ज्ञानाची चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञान मिळवण्याची साधने, मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ‘कुणाच्या ओळखीनं आलात?’ हा प्रश्न शब्दप्रमाणाचा आहे. ज्याच्या बोलण्यावर विसंबता येते अशा माणसाचे, म्हणजे आप्ताचे, वचन तो मागतो. पतगुणांक हा अनुमानाचा प्रकार आहे. धूर पाहून अग्नी ओळखावा, तशी मागची परतफेड पाहून पुढचे वर्तन ओळखावे, असा त्याचा दावा असतो. वरवर पाहता दुसरी पद्धत अधिक निःपक्षपाती वाटते, कारण गणिताला आडनाव कळत नाही, आणि जातीच्या प्रश्नाने ओसरीवरून उठवल्या गेलेल्या माणसाला तीन आकडी अंक हा दिलासाही वाटू शकतो. हा मुद्दा हलका नाही, आणि पतगुणांकाला सरसकट नाकारणाऱ्यांनी तो टाळू नये.

तथापि नैयायिकांनी अनुमानाला जी कसोटी लावली, ती येथेही लावली पाहिजे. धूर आणि अग्नी यांच्यातील नियत संबंधाला व्याप्ती म्हणतात, आणि ती व्याप्ती एखाद्या छुप्या अटीवर अवलंबून असेल तर त्या अटीला उपाधी म्हणतात. अग्नी असेल तेथे धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण धुरासाठी इंधन ओले असावे लागते. ओले इंधन ही तेथील उपाधी. त्याचप्रमाणे ‘ज्याने हप्ता चुकवला तो भाडे चुकवील’ या अनुमानात पाऊस ही उपाधी दडलेली आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत बीडमधील शेतकऱ्यांचे हप्ते थकले, ते नियत बिघडल्याने थकले असे कोणी म्हणणार नाही. पण अहवालातील थकबाकीच्या रकान्याला आभाळ दिसत नाही. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये, असे राज्य शासनाला बँकांना वारंवार बजावावे लागले आहे, त्यामागेही हीच जाणीव आहे. दुसरीकडे शब्दप्रमाणाचा दोषही लपत नाही. न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगताना ते ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असे स्पष्ट म्हटले आहे. विश्वासार्हता कुळावर ठरत नाही, एवढे त्या भाष्यकाराला उमगले होते. ओसरीवरच्या प्रश्नावलीत मात्र आप्त हा बहुधा आपल्याच जातीचा असावा लागतो, आणि तेथे शब्दप्रमाणाचे नाव घेऊन भलतेच काही चालते.

धर्मग्रंथांकडे वळले तर प्रथमदर्शनी ते घरमालकाला कोणतीच चौकशी करू देत नाहीत असे दिसते. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत निवाऱ्यासाठी आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, असे व्रत सांगितले आहे. पराशरस्मृती त्याहून पुढे जाऊन पाहुण्याला त्याचे गोत्र, वेदशाखा किंवा अध्ययन विचारू नये, असे बजावते. आणि मनुस्मृती दुसऱ्या बाजूने जेवणासाठी स्वतःचे कुळ व गोत्र पुढे करणाऱ्याची कठोर निर्भर्त्सना करते. विचारायचे नाही आणि सांगायचेही नाही, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. परंतु तिचा उपयोग करताना दोन गोष्टी नजरेआड करून चालत नाहीत. मनुस्मृतीनुसार अतिथी तोच, जो एक रात्र राहतो. त्याची स्थिती अनित्य असते म्हणूनच तो अतिथी. अकरा महिन्यांचा करार करून राहणारा भाडेकरू या व्याख्येत बसत नाही. शिवाय तीच स्मृती ब्राह्मणाच्या घरी आलेल्या क्षत्रियाला, वैश्याला आणि शूद्राला अतिथी म्हणतच नाही. म्हणजे गोत्र न विचारण्याचे औदार्य वर्ण आधीच ठाऊक असल्याच्या गृहीतकावर उभे आहे. प्राचीन आतिथ्याचे गोडवे गाणाऱ्या व्याख्यानांत हा श्लोक सहसा ऐकू येत नाही.

भाडेकरूचा विचार प्राचीनांनी वेगळा केलेला होता. नारदस्मृतीत दुसऱ्याच्या जागेवर भाडे देऊन घर बांधणाऱ्याचा प्रसंग येतो. त्या भाड्याला तेथे ‘स्तोम’ असा शब्द आहे, आणि जागा सोडताना असा मनुष्य आपले गवत, लाकूड, विटा सोबत नेऊ शकतो, असा निर्वाळा दिलेला आहे. हा विषय तेथे पुण्याच्या प्रकरणात न येता वेतन आणि भाडे यांच्या व्यवहारपदात येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर नगराच्या अधिकाऱ्याला, म्हणजे नागरकाला, धर्मशाळेत उतरणाऱ्या पांथस्थांची खबर मिळाली पाहिजे आणि गृहस्थाने आपल्याकडे आल्या-गेल्याची वर्दी दिली पाहिजे, न दिल्यास त्या रात्रीच्या अपराधाचा दोष त्याच्यावर येतो, अशी तरतूद आहे. आज भाडेकरूचे छायाचित्र आणि आधार कार्डाची प्रत पोलीस ठाण्यात दिली जाते, त्या प्रथेचा हा दूरचा पूर्वज म्हणता येईल. मात्र कौटिल्याचा प्रश्न आल्या-गेल्याचा आहे. आलेल्या माणसावर कोणाचे किती देणे आहे, याची विचारपूस त्यात नाही. सुरक्षेसाठी ओळख आणि विश्वासासाठी पत या दोन वेगळ्या गोष्टी एकाच अर्जात कोंबण्याची कल्पना अलीकडची आहे.

इस्लामी परंपरेत हा भेद अधिक काटेकोरपणे केलेला आढळतो, आणि बीड जिल्ह्याच्या शहरांतील मोठी मुस्लिम वस्ती पाहता तिचा विचार येथे केवळ तुलनेपुरता राहत नाही. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, लेखक व साक्षीदार ठेवावेत, असा सविस्तर आदेश आहे. त्याच्या अगदी अलीकडे, ऋणको अडचणीत असेल तर त्याची अडचण फिटेपर्यंत मुदत द्यावी आणि कर्ज सोडून देणे अधिक चांगले, असेही सांगितले आहे. एकोणपन्नासाव्या अध्यायात संशय टाळावा आणि एकमेकांची गुपिते धुंडाळू नयेत, अशी आज्ञा येते. या धुंडाळण्याला ‘तजस्सुस’ म्हणतात. तिन्हींचा एकत्र विचार केला तर नोंद विहित, सवड प्रशस्त आणि टेहळणी निषिद्ध असा निष्कर्ष निघतो. नोंद ही व्यवहारातील दोन पक्षांमध्ये राहावी, तिसऱ्याने ती उघडून पाहू नये, ही मर्यादा पतअहवालाच्या प्रश्नात नेमकी उपयोगी पडते, कारण बँकेशी झालेला करार घरमालकाच्या ओसरीवर वाचला जाणे हाच येथील कळीचा मुद्दा आहे.

पत पुरेशी असूनही निवारा नाकारला गेल्याचे सर्वांत बोलके उदाहरण बीडचे नाही, बडोद्याचे आहे. डॉ. भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकले होते आणि त्या शिष्यवृत्तीच्या बदल्यात संस्थानाची सेवा करण्याचा करार त्यांच्यावर होता. १९१७ मध्ये ते तेथे गेले ते, काटेकोर अर्थाने, ऋण फेडायला गेले. त्या काळी फार थोड्या भारतीयांजवळ असलेल्या पदव्या, संस्थानातील अधिकारपद, ठरलेला पगार हे सर्व त्यांच्या बाजूला होते. निवारा मात्र पारशी धर्मशाळेत, नोंदवहीत पारशी नाव लिहून मिळवावा लागला, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडेही जागा मिळाली नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे तास त्यांनी सार्वजनिक बागेत काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. पतगुणांकाच्या समर्थकांना आणि टीकाकारांनाही तो अडचणीत टाकतो. आकडे तटस्थ असतात, या दाव्याला त्यातून बळ मिळते, कारण निव्वळ पत पाहिली गेली असती तर आंबेडकरांना खोली मिळालीच असती. पण जेथे आडनावाचा प्रश्न आधी विचारला जातो तेथे आकड्यांपर्यंत पाळी येतच नाही, हेही त्यातूनच दिसते. कागद ओसरीवरच्या प्रश्नांची जागा घेईल, ही आशा म्हणूनच भाबडी वाटते. बहुधा तो त्यांच्या रांगेत शेवटी जाऊन बसेल.

बीड जिल्ह्यात ऋण हा शब्द उच्चारला की ‘उचल’ डोळ्यांपुढे येते. जिल्ह्यातील लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात; नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात आणि हंगामाच्या आधीच मुकादम त्या कोयत्याला जी आगाऊ रक्कम देतो ती उचल. लग्न, आजारपण, बोअर, मुलांची फी यांत ती उन्हाळ्यातच संपलेली असते, आणि नंतरचे पाच-सहा महिने तिची फेड टनावारी उसात होते. एखाद्या दिवशी कामाला न गेल्यास ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. हिशेबाअंती काही बाकी राहिली तर ती पुढच्या हंगामावर चढते. हे देणेघेणे मुकादमाच्या वहीत असते, पतमाहिती कंपनीच्या संगणकात नसते. वर्षानुवर्षे उचल अंगाने फेडणाऱ्या या माणसाने बँकेकडून कधी काही घेतले नसेल, तर त्याच्या पतअहवालात गुणांकाच्या जागी इतिहास नसल्याची खूण येते. महाभारताच्या वनपर्वात यक्षाने युधिष्ठिराला सुखी कोण असे विचारले, तेव्हा ज्याच्या डोक्यावर ऋण नाही आणि ज्याला घर सोडून प्रवासात राहावे लागत नाही, असा आपल्याच घरी साधी भाजी शिजवून खाणारा माणूस सुखी, अशा आशयाचे उत्तर मिळाले. अनृणी आणि अप्रवासी ही त्या उत्तरातील दोन विशेषणे. कोयत्याला ही दोन्ही एकदमच नाकारली जातात, कारण ऋण आहे म्हणून प्रवास आहे. त्या काळात त्याचे घर म्हणजे कारखान्याच्या तळावर बांबू आणि पाचटाची उभी केलेली कोप.

गौतम बुद्धाने अनाथपिंडिक या गृहस्थाला गृहस्थजीवनातील चार सुखे सांगितली, त्यांत ‘अनणसुख’, म्हणजे कोणाचे काहीही देणे नसल्याचे सुख, याला स्वतंत्र स्थान आहे. अंगुत्तर निकायात नोंदलेला हा उपदेश आणि आजची पतव्यवस्था समोरासमोर ठेवली तर मूल्यांची संपूर्ण उलथापालथ झालेली दिसते. ज्याने कधी कर्ज घेतले नाही तो बुद्धाच्या दृष्टीने सुखी आणि पतमाहिती कंपनीच्या दृष्टीने अज्ञात. त्याला पत मिळवायची तर आधी ऋणी व्हावे लागते. काही वित्तसल्लागार तर गुणांक ‘तयार’ करण्यासाठी छोटे कर्ज घेऊन फेडण्याचा सल्ला देतात, ज्याला व्रतासाठी उपास करण्यापूर्वी पोटभर जेवण्याचीच उपमा शोभेल.

या जिल्ह्याच्या संतपरंपरेत ऋण, तारण आणि जामीन यांची एक कथा आहे, जी या विषयाला कोणत्याही स्मृतिवचनापेक्षा अधिक भिडते. अंबाजोगाईचे दासोपंत हे सोळाव्या शतकातील दत्तसंप्रदायी कवी; कापडाच्या लांब पटावर अध्यात्म लिहिलेली त्यांची ‘पासोडी’ प्रसिद्ध आहे. परंपरा असे सांगते की त्यांचे वडील वसुली अधिकारी होते, दुष्काळात त्यांनी धान्याचे कोठार लोकांना उघडून दिले, सरकारी भरणा थकला, आणि बीदरच्या बादशहाने लहानग्या दासोपंतांना भरणा होईपर्यंत ओलीस ठेवले. मुदत टळल्यास धर्मांतर ठरलेले होते. तारण म्हणून येथे शेत किंवा दागिना नव्हता, मूलच होते. अखेरच्या क्षणी दत्ताजी नावाचा एक पाडेवार, म्हणजे गावकामगार, थैली घेऊन दरबारात हजर झाला, रक्कम भरली, पावती घेतली आणि निघून गेला. तो दत्तात्रेयच होता, अशी श्रद्धा आहे. कथेची ऐतिहासिकता हा येथील विषय नाही. तिच्यातील व्यवहार मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. वडिलांची थकबाकी दुष्काळाची होती, म्हणजे आजच्या अहवालात ती लाल शाईत उमटली असती आणि तिच्यामागचे उघडलेले कोठार कोठेच उमटले नसते. पैसे भरणारा गावगाड्याच्या उतरंडीत खालचा, ज्याच्या शब्दाला दरबारात एरवी किंमत नाही. पण रोख मोजल्यावर त्याचे कुळ कोणी विचारले नाही. आणि ज्याच्यासाठी भरणा झाला, त्या मुलाने पुढे घर सोडले व माहूर, गोदाकाठचे राक्षसभुवन असे फिरत तो अंबाजोगाईला येऊन राहिला, तो त्या अनोळखी जामीनदाराच्याच शोधात. ऋण फिटले तरी ऋणाईत राहण्याची ही वृत्ती पतगुणांकाच्या भाषेत मांडताच येत नाही. तेथे बाकी शून्य झाली की नाते संपते. तुकोबांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा याच नाण्याची दुसरी बाजू आहे: तेथे धनकोनेच नोंद नष्ट केली. दोन्ही कथांत दुष्काळ आहे, हा योगायोग नव्हे. दख्खनमध्ये ऋणाचा नैतिक प्रश्न नेहमी पावसाच्या मागून येतो.

एवढे झाल्यावरही घरमालकाची बाजू शिल्लक राहते, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. बीडसारख्या गावात वरचा मजला भाड्याने देणारा माणूस बहुधा धनाढ्य नसतो. निवृत्तीच्या पैशांतून किंवा गृहकर्जातून दोन खोल्या चढवलेल्या असतात आणि त्यांच्या भाड्यावर औषधपाणी किंवा हप्ता चालतो. भाडेकरूने जागा सोडली नाही तर न्यायालयातील वर्षे त्याला परवडत नाहीत. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा होता. त्याची जागा १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने घेतली, ज्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि तो तसा नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणीची जबाबदारीही घरमालकावरच आहे. तरीही स्टॅम्पपेपरवर नोटरी करून काम भागवण्याची सवय सुटत नाही. कायद्याने दिलेले संरक्षण वापरायचे नाही आणि कायद्याने न दिलेला अहवाल मागायचा, ही खोड भीतीतून आलेली असली तरी ती खोडच आहे. शिवाय ज्या काळात ओसरीवर भाडेकरूची कसून चौकशी होत होती, त्याच काळात याच जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांनी अधिक व्याजाच्या आशेने मल्टिस्टेट पतसंस्थांत आयुष्याची पुंजी ठेवली होती, आणि २०२३ नंतर त्यांतील काही संस्था ठेवी परत करू शकल्या नाहीत. नावातच ‘पत’ असलेल्या संस्थेची पत तपासावी असे फार थोड्यांना सुचले. पत तपासायची ती नेहमी लहान माणसाची.

येथे मूळ प्रश्नाकडे, म्हणजे या व्यवहारात ऋणको कोण या प्रश्नाकडे, परतता येते. माणूस देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे घेऊन जन्मतो, हा विचार तैत्तिरीय संहितेपासून सर्वपरिचित आहे. शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडात मात्र चौथे ऋणही सांगितले आहे: मनुष्यांचे ऋण. यज्ञाने देवांचे, अध्ययनाने ऋषींचे, संततीने पितरांचे ऋण फिटते, तसे हे चौथे ऋण माणसांना वस्तीला जागा दिल्याने आणि अन्न दिल्याने फिटते, असे तेथे म्हटले आहे. तीन ऋणांची यादी कीर्तनात, पाठ्यपुस्तकांत आणि व्याख्यानांत टिकून राहिली. चौथे कसे गळाले, याचा विचार केला तर कारण त्याच्या स्वरूपातच सापडते, कारण पहिले तीन धनको प्रत्यक्ष दारात येऊन उभे राहत नाहीत. या दृष्टीने पाहता ज्याच्याकडे रिकामी खोली आहे तो जन्मतःच ऋणाईत आहे आणि जो खोली मागायला आला आहे तो वसुलीला आलेला आहे. चौकशीची दिशा अचानक फिरते.

हा केवळ आध्यात्मिक चमत्कार समजून बाजूला सारता येत नाही, कारण रोजच्या हिशेबातही तेच घडते. खोलीत पाऊल ठेवण्यापूर्वी भाडेकरू जी अनामत रक्कम देतो, ज्याला सगळे ‘डिपॉझिट’ म्हणतात, ते घरमालकाला दिलेले बिनव्याजी कर्जच असते. ते परत करायचे असते, मुदत ठरलेली असते आणि तोवर ते घरमालकाच्या हाती राहते. करारावर सही झाल्याक्षणी धनको जिना चढून वर राहायला जातो आणि ऋणको खाली ओसरीवर बसतो. पतअहवाल मागण्याचा अधिकार धनकोला असतो, हे तत्त्व एकदा मान्य केले की तो अहवाल कोणी कोणाला दाखवायचा, हे उलगडून सांगण्याची गरज राहू नये. प्रत्यक्षात भाडेकराराच्या छापील नमुन्यात भाडेकरूचे वय, व्यवसाय, कायमचा पत्ता, आधार आणि पॅन यांच्यासाठी रकाने असतात, घरमालकाचीही तीच माहिती कधी असते, पण या खोलीत यापूर्वी राहून गेलेल्यांची अनामत किती दिवसांनी आणि रंगकामाचे किती कापून परत झाली, याच्यासाठी त्यात रेघ आखलेली नसते. चार पतमाहिती कंपन्यांपैकी कोणाच्याही अहवालात ही बाकी दिसत नाही. जुना भाडेकरू मात्र ती पाठ म्हणून दाखवू शकतो.